माहेरचं खारं पाणी

माझा आजार सुरुवातीला कुणाला आजार वाटलाच नाही. सासरी तो माझा स्वभाव ठरला, माहेरी तो सासुरवास ठरला, आणि मला स्वतःला वाटलं की संसार म्हणतात तो असाच अंगावर येत असेल. वय पंचविशीच्या आतलं. पण सकाळी अंथरुणातून उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंतीला हात लावून थांबावं लागायचं. मग चूल, मग पाणी, मग शेत. दुपारपर्यंत माझ्यातलं सगळं संपून जायचं.

हे लिहायला बसले त्याला कारण आहे. मध्यंतरी सुलतानपूरकडची एक बाई माझ्याकडे आली होती. तिला माझाच आजार निघाला होता, आणि डॉक्टरांनीच तिला माझा पत्ता दिला होता. नवऱ्यासोबत आली, ओट्यावर टेकली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही तर धडधाकट दिसून राह्यल्या."

"आहेच मी धडधाकट," मी म्हटलं, तर तिला रडूच फुटलं.

तिच्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. औषधांची नावं नि मात्रा डॉक्टर सांगतील. मी फक्त माझ्यावर काय गुजरलं ते सांगते.

डोहाळे

मी वरवट बकालची, म्हणजे घाटाखालची. लग्न होऊन देऊळघाटला आले, घाटावर. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झालं, त्याच्याच मागंपुढं. माझ्या माहेरच्या विहिरींचं पाणी खारं. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि चहात कितीही गूळ घातला तरी जिभेच्या टोकावर खारट चव उरतेच. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, पण पाहुण्याला तांब्या देताना माय आधी सांगायची, "खारं आहे बरं, बाप्पा." देऊळघाटला पहिल्यांदा विहिरीचं पाणी प्यायले तेव्हा मला वाटलं, कुणी साखर टाकली की काय. इतकं गोडं पाणी मी कधी चाखलं नव्हतं. पहिले दोन उन्हाळे मी त्या पाण्यावर खूश होते.

मग मला मीठ खावंसं वाटू लागलं. भाजीत मीठ बेताचं असलं तर घास गिळवत नसे. चिंचेला मीठ लावून खावं, कैरीची फोड मिठात बुडवावी, आणि काहीच नसलं तर मडक्यातले दोन खडे तोंडात टाकावेत. पुढे तर नुसते खडेच चघळायची.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एक दिवस मला मडक्यात हात घालताना पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "किती दिवस झाले व?"

त्यांना वाटलं, डोहाळे. माझी पाळीही मागंपुढं होत होती, सकाळी मळमळायचं, चक्कर यायची. सगळं जुळत होतं. मलाही वाटलं. लग्नाला तिसरं वर्ष लागलं तरी घरात पाळणा नव्हता, त्यामुळे कुणाला ते खोटं वाटावंसं वाटलं नाही. आत्याबाईंनी मला घागर उचलू देणं बंद केलं. शेजारणींना सांगून झालं. माझे मालक बुलढाण्याच्या बाजारातून माझ्यासाठी पेढे घेऊन आले आणि ते सगळ्यांसमोर न देता शर्टाच्या खिशातून काढून गुपचूप माझ्या हातात ठेवले.

आणि मग एका सकाळी मी बाजूला बसले.

मी अंगणाच्या कोपऱ्यात बसले होते, तिथं आत्याबाईंनी माझं ताट दुरून सरकवलं आणि आत निघून गेल्या. त्या दिवसापासून मिठाच्या मडक्यावर पाटा ठेवलेला असायचा.

काळी पडणं

त्यानंतर माझा रंग बदलू लागला. मी काही गोरीपान नव्हते, पण गव्हाळ होते. आता बोटांची पेरं, कोपरं, तळहातावरच्या रेषा काळवंडू लागल्या. मनगटावर चुलीचा जुना चटका होता, तो डाग शाईसारखा झाला. बायका विचारायच्या, "उन्हात लय राह्यते काय व?" मी तर त्या दिवसांत उन्हात जायचीच नाही, जाववतच नव्हतं. हळद-बेसन लावून घासून घासून मी कातडी सोलून काढली, पण काळेपणा आतूनच वर येत होता. चोळ्या सैल होत चालल्या. आरशात बघायचं मी सोडलं.

मालक मला दोनदा वैद्याकडे घेऊन गेले. शक्तीचं चाटण मिळालं. ते गोड होतं. मला ते पाहूनच उलटी यायची.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. माहेरी गेले की मला बरं वाटायचं.

पोळ्याच्या सुमाराला दादा मला न्यायला आला. एसटीत मी अर्धमेली होते, राजूरच्या घाटात तर दादाच्या खांद्यावर मान टाकून पडले होते. वरवटला गेले आणि आठवडाभरात उठून बसू लागले. पंधरा दिवसांत मायसोबत सरकी निवडू लागले. भूक लागू लागली. माय म्हणाली, "पाह्य, माणसाले आपल्या माणसात कसं बरं वाटते." तिनं मनाशी हिशेब जुळवला होता: पोरीला सासरी त्रास आहे.

परत देऊळघाटला आले, आणि महिन्याभरात पुन्हा भिंत धरून चालू लागले. पुन्हा माहेरी, पुन्हा बरी. पुन्हा सासरी, पुन्हा आडवी. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी आत्याबाई परसात भांडी घासता घासता मोठ्यानं म्हणाल्या, "माहेरचं पाणी मानवते हिले. सासरचं मानवत नाही."

टोमणा होता तो. त्यात किती खरं आहे, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

मालक त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसले. फार बोलणारा माणूस नाही. पायानं जमीन उकरत म्हणाले, "तुले इथं राह्यचंच नसंल तर तसं सांग. मी कोणाले काही बोलणार नाही. मी स्वतः नेऊन सोडतो."

मी काय सांगणार होते? माझ्या हाती काही पुरावा नव्हता. ताप नाही, जखम नाही, खोकला नाही. फक्त माझं अंग माझं ऐकत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मले राह्यचं आहे." त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नाही, हे दिसलं मला. आजारपणातलं सगळ्यांत वाईट काय होतं, असं कुणी विचारलं तर मी ही दुपार सांगते. इस्पितळ नाही.

दवाखान्यातला प्रश्न

मिरच्यांच्या तोडणीच्या वेळी गावात हगवणीची साथ आली. घरातल्या सगळ्यांना एखाद-दुसरा दिवस झाली आणि थांबली. मला झाली आणि मी गेलेच. उलट्या, जुलाब, हातपाय गार, बोलणं बंद. आत्याबाई नंतर सांगायच्या की मी डोळे उघडे ठेवून पडले होते, पण हाक मारली तर कळत नव्हतं. मालकांनी बैलगाडी जुंपली आणि मला बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. आत्याबाई माझं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसल्या होत्या. रस्ताभर त्या मला शिव्या देत होत्या, एवढं मला पुसट आठवतं. "मरू नको बरं, मेले. लोकं म्हणतीन सासूनं मारली."

डॉक्टरांनी शिरेतून मिठाचं पाणी सुरू केलं. एक बाटली संपली, दुसरी लावली, आणि माझ्या हातापायांत हळूहळू ऊब आली. छत दिसू लागलं. सुकलेल्या बांधाच्या ढेकळात पाणी झिरपतं तसं काहीतरी अंगभर पसरत गेलं.

डॉक्टर तरुण होते. ते खुर्ची ओढून बसले, माझा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्यांवर जांभळं खाल्ल्यासारखे डाग होते, ते मलाही माहीत नव्हतं. मग तळहात पाहिले, मनगटावरचा चटका पाहिला. आणि आत्याबाईंकडे वळून विचारलं, "बाई मीठ जास्त खातात का हो?"

आत्याबाई म्हणाल्या, "चोरून खाते, साहेब."

"चोरून का?"

आत्याबाई माझ्या अंगावरचं पांघरूण नीट करू लागल्या.

"माहेर कुठलं?"

"वरवट बकाल," मालक म्हणाले.

डॉक्टर घाटाखाली नोकरी करून आलेले होते. "खारपाण पट्ट्यातलं गाव. माहेरी गेल्यावर ह्यांना बरं वाटतं का?"

त्या क्षणी मी मालकांचा चेहरा पाहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, आणि एकदम खाली बसले. जवळ दुसरी खुर्ची नव्हती, तसेच फरशीवर.

"हाव," ते म्हणाले. "दरखेपी बरं वाटते."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या अंगात मीठ आणि पाणी सारखं मोजलं जात असतं. जास्त झालं तर बाहेर टाकायचं, कमी पडलं तर धरून ठेवायचं. आपल्याला पत्ताही नसतो. माझ्या अंगात धरून ठेवणारा बांधच फुटला होता. मी खाल्लेलं मीठ लघवीवाटे वाहून जात होतं, त्यामागे पाणी जात होतं, आणि रक्ताचा दाब पडत होता. जीव म्हणून जो काही असतो तो आतून ओरडत होता, मीठ आण. माहेरी घोटाघोटाला खारं पाणी पोटात जायचं, म्हणून मी उठून बसायची. गोड्या पाण्यावर आले की कोसळायची.

"ह्या नाटक करत नव्हत्या," डॉक्टर म्हणाले. त्यांना आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. ते आपले सहज म्हणाले. पण एवढ्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांना मनातल्या मनात नमस्कार करते.

"मला असं वाटतं आहे, पण खात्री नागपूरला होईल," असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली.

नागपूर

मलकापूरहून आगगाडीनं आम्ही नागपूरला गेलो. मी पहिल्यांदाच आगगाडीत बसले होते आणि मला खिडकीबाहेरही बघवत नव्हतं, याचं वाईट वाटलं.

बायकांचा वॉर्ड लांबलचक होता. पहाटे झाडूचा आवाज, मग तापमान, मग चहा, मग डॉक्टरांचा ताफा, मग सगळा दिवस नुसता पडलेला. रोज रक्त, रोज लघवीच्या बाटल्या, पोटाचा फोटो. सुया टोचून टोचून हात निळे झाले. मला भीती सुयांची नव्हती. कुजबुजीची होती. माझ्या खाटेशी येऊन डॉक्टर आपसांत इंग्रजीत बोलायचे आणि विद्यार्थी वाकून माझ्या हिरड्या बघायचे. एकदा मी ओठ मिटून घेतला आणि उघडलाच नाही. तेव्हा आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई हसल्या, विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "पुरे आता. बाईंना कंटाळा आला आहे." तेव्हापासून मला त्या आवडू लागल्या.

शेजारच्या खाटेवर सखूबाई होत्या. वर्ध्याकडच्या, वयानं माझ्या मायएवढ्या. त्यांचं अंग सुजलेलं, बोट दाबलं की खळगा पडायचा. त्यांना मीठ बंद होतं. मला ताटात वेगळं मीठ यायचं, आणि त्यांना अळणी वरण, अळणी भात. पहिल्याच दिवशी माझ्या ताटाकडे पाहून त्या म्हणाल्या, "पोरी, तुले एवढं देऊन राह्यले, मले चिमूटभर नाही. देवाच्या घरी वाटणी कशी झाली माय?" मला संकोच वाटला. मी मिठाची वाटी पदराआड घेतली. तर म्हणाल्या, "लपवू नको व. तुह्या मिठाकडं पाहूनच मले घास जाते." मग आम्ही रोज तसंच जेवलो. मी माझ्या खाटेवर, त्या त्यांच्या, तोंडं एकमेकींकडे करून. त्यांची सूज उतरली आणि त्या माझ्या आधी घरी गेल्या. जाताना वॉर्डाच्या दारातून वळून ओरडल्या, "खा बरं माह्या वाटचं!"

निदान सांगायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मालकांना आत बोलावलं. त्यांनी सांगितलं, मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहानशा गाठी असतात. सगळ्यांनाच असतात. अंगातलं मीठ, पाणी, साखर, ताकद, भीतीत टिकून राहणं, सगळ्यावर त्यांची नजर असते. माझ्या त्या गाठी क्षयानं खाऊन टाकल्या होत्या.

क्षय हा शब्द ऐकून मी मालकांकडे पाहिलं. आमच्याकडे त्या नावानं लग्नं मोडतात, घरं वेगळी होतात. मालकांनी विचारलं, "घरात कोणाले लागंल काय?"

"नाही. छातीत नाही तो. त्यावर इंजेक्शनं आणि गोळ्या आहेत, काही महिने घ्याव्या लागतील. पण त्या दोन गाठी परत यायच्या नाहीत."

"मंग बरी होईल काय ही?"

"बरी होणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण चांगली राहील. त्या गाठींचं काम आता गोळी करेल. रोज. जन्मभर. एक दिवसही चुकवायचं नाही."

जन्मभर. मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेईल ती. मी पाह्यतो." बुलढाण्याच्या फरशीवर बसल्यापासून ते मला त्या दुपारबद्दल काही बोलले नव्हते. माफी वगैरे मागणं आमच्यात कुणाला येत नाही. पण मला ते दोन शब्द पुरले.

गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळी मी खाटेवरून उतरले, उभी राहिले, आणि नळापर्यंत जाऊन तोंड धुऊन परत आले. परत आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कशालाही धरलं नव्हतं. मी पुन्हा उठले आणि मुद्दाम आणखी एकदा नळापर्यंत जाऊन आले.

घागर

घरी आले तर ओसरीत एक घागर झाकून ठेवलेली. वरवटहून दादा घेऊन आला होता. मायला काय कळलं असेल ते असेल, तिनं माझ्यासाठी खारं पाणी पाठवलं होतं. अख्ख्या एसटीत ती घागर मांडीवर घेऊन दादा घाट चढला. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे?" तर म्हणाला, "पाणी." कंडक्टरला वाटलं, गंगेचं. पाया पडला बिचारा.

बुलढाण्याच्या डॉक्टरांना ही हकिकत सांगितली तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, आता गोळी आहे, ताटात थोडं वरून मीठ घ्या, पुष्कळ झालं. पण ती घागर संपेपर्यंत आत्याबाईंनी मला दुसरं पाणी पिऊ दिलं नाही. मिठाच्या मडक्यावरचा पाटा परसात गेला होता.

क्षयाची इंजेक्शनं रोज होती. दवाखान्यातले कंपाउंडर पहिल्यांदा घरी येऊन टोचायचे, पण रोज कोण येणार? त्यांनीच मालकांना शिकवलं. आधी संत्र्यावर, मग मला. पहिले काही दिवस मी बसताना एका अंगावर बसायची. खोटं कशाला सांगू, ते महिने कटकटीचे होते. गोळ्यांनी जीभ कडू, कानात गुणगुण, आणि आपण कुणावर तरी ओझं आहोत ही भावना. ती जायला वेळ लागतो. माझा रंग मात्र हळूहळू उजळत गेला. कापसाच्या वेचणीला मी शेतात गेले आणि बांधावर न बसता एक तास, म्हणजे कपाशीची एक अख्खी ओळ, पुरा केला, तेव्हा शेजारच्या शेतातल्या बाईनं विचारलं, "पाहुणी काय व तू?" मला ओळखलंच नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, आणि तुम्हाला हा आजार असेल तर तीही विसरू नका. धडधाकट माणसाला ताप आला, मार लागला की त्याच्या अंगातल्या गाठी आपोआप जास्त काम करतात. आपलं तसं नाही. ताप आला की गोळी वाढवायची, आपणच. आणि उलटी होऊन गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शन, वेळ न घालवता. त्याची कुपी आमच्या फळीवर कायम असते.

पैनगंगेला पूर

ती वेळ एका श्रावणात आली. सकाळपासून थंडी-ताप, आणि गोळी घेतली की उलटी. दुसरी घेतली, तीही पडली. पाऊस चार दिवस धरलेला, नदी पुलावरून वाहत होती. बुलढाण्याला जायचा प्रश्नच नव्हता. माझे हात गार पडू लागले तेव्हा मी मालकांना म्हटलं, "आता टोचा."

त्यांनी कुपी उतरवली, सुई उकळली. पण ही कुपी ते पहिल्यांदाच फोडत होते. हात असा थरथरत होता की औषध सुईत ओढता येईना. "चुकलं तर?" ते म्हणाले. "जास्त गेलं तर?"

"जास्त गेलं तर चालते. नाही गेलं तर चालत नाही," मी म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, माझा पाय घट्ट धरला आणि लेकाला म्हणाल्या, "दे बे वसंता. थरथरून काय राह्यला? तुही बायको आहे, वाघीण नाही."

मालकांनी सुई टोचली. औषध पूर्ण जाईपर्यंत दाबलं, सुई काढली, बोळा लावला, सगळं नीट. सुई वाटीत ठेवली. मग उठले, ओसरीच्या खांबापर्यंत गेले, आणि धाडकन खाली पडले.

"अरे देवा!" आत्याबाई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे धावल्या. मला प्यायला मीठ-साखरेचं पाणी करून ठेवलेलं होतं. ते त्यांनी उचललं, जाऊन लेकाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्यांच्या तोंडाला तांब्या लावला. मालकांनी डोळे उघडले, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आहे," ते म्हणाले.

"पी गुमान," आत्याबाई म्हणाल्या. "अर्धं ठेव तिच्यासाठी."

मला हसू आलं. अंगात त्राण नव्हतं, तरी हसू आवरेना. मला हसताना पाहून तेही पडल्यापडल्या हसू लागले. त्यांनी तांब्या हातात घेतला, भिंत धरत धरत माझ्या खाटेशी आले आणि उरलेलं पाणी मला दिलं. बाहेर नदीचा आवाज येत होता. मी ते सगळं प्यायले, आणि ते पोटात ठरलं.